दिवेलागणीआधी एक वस्तू

धरणगाव,
ता. २२ जानेवारी १९१७

अक्कांच्या पायांवर धाकट्या भावाच्या बायकोचं डोकं.

आजवर मी तुम्हाला कधी पत्र धाडलं नाही. आज लिहितेय ती तुमच्या भावांनी सांगितलं म्हणून. ते म्हणाले, "अक्काला लिही. मायला काही पटवायचं तर ते तिलाच जमेल." लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही मागे आखाजीच्या सणाला माहेरी आलात तेव्हा ओसरीवरच झोपलात, म्हणून आतलं तुमच्या नजरेला पडलं नसेल. आपल्या घरात आता पाय ठेवायला जागा उरली नाही. माजघरात भिंतीला लागून फुटक्या मडक्यांची उतरंड, तिच्यावर बूड गेलेल्या टोपल्या, त्यांवर चिंध्यांची गाठोडी. त्यामागे एक खिडकी आहे म्हणतात. मी लग्न होऊन आल्यापासून ती पाहिलेली नाही. तुटके दोर, करवंट्या, चिंचोके, ज्वारीचं भुसकट, कशालाही हात लावला की सासूबाई म्हणतात, "राहू दे पोरी, बठ्ठं कामनं शे." सगळं कामाचं म्हणे. शेतातून कपाशी आली ती ठेवायला जागा नाही, म्हणून ओसरीवर ढीग घालून वरून गोणपाट टाकलाय.

मागच्या आठवड्यात आमच्या छबीने एका गाठोड्याचं टोक ओढलं आणि वरची मडकी तिच्या अंगावर आली. कपाळाला खोक पडली. गाठोडं उचललं तर खाली विंचू. अक्का, माझं डोकंच फिरलं. सासूबाई एरंडोलला लग्नाला गेल्या होत्या. मी आणि निंदणीला येणारी एक बाई, दोघींनी मिळून माजघराचा एक कोपरा उपसला आणि सगळं उकिरड्यावर टाकून आलो. सारवून घेतलं. मला वाटलं, आल्यावर रागावतील, पण मोकळी जागा बघून मनातून त्यांना बरंच वाटेल.

त्या आल्या, कोपरा पाहिला, आणि एक शब्द न बोलता उकिरड्यावर जाऊन बसल्या. एकेक वस्तू वेचली, विहिरीवर नेऊन धुतली आणि परत घरात आणली. येणारेजाणारे बघत होते. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

तुमचे भाऊ म्हणतात, आखाजीपर्यंत घर मोकळं झालं नाही तर आपण शेतात छप्पर घालू आणि चूल वेगळी करू. खरं सांगते, हे ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. तुमच्या आईला म्हातारपणी एकटं टाकणारी, असं नाव मला लावून घ्यायचं नाही.

काय करू ते सांगा.

तुमची,
कुंदा

———

धुळे,
ता. ३ फेब्रुवारी १९१७

चि. कुंदाला अक्काचा आशीर्वाद. छबीच्या कपाळाची खोक भरली का, ते आधी कळव.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. रात्री यांना वाचून दाखवलं तेव्हा तो राग कुठे गेला कळलं नाही. तू पोरीसाठी केलंस. पण एक लक्षात ठेव, मायची कोणतीही वस्तू पुन्हा उकिरड्यावर जाता कामा नये. का, ते मला विचारू नकोस. ते तिचं आहे. सांगायचं तर तीच सांगेल.

आता माझी गोष्ट ऐक. इथे आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. संसार मांडून वर्ष झालं नाही तोच मी ते छतापर्यंत भरलं. मी मायचीच लेक! हे कचेरीतून आले की टेकायला जागा शोधत उभे राहायचे. कधी भांडले नाहीत. एकदा म्हणाले, "रोज दिवा लावायच्या आधी एक वस्तू हातात घे. तिची घरात कुठे जागा आहे का बघ. असली तर तिथे ठेव. नसली तर जिला हवी असेल तिच्या हातात नेऊन दे. एकच. दुसरी उद्या." मी हसले. म्हटलं, असं करायला जन्म जाईल. तर म्हणाले, "जन्मभराच्या भाकरी तू एका दिवसात थापणार आहेस का?" मला लिहायला वाचायला यांनीच शिकवलं, तेही असंच, रोज एक अक्षर. म्हणून पुढे काही बोलता आलं नाही.

तसं तू कर. सुरुवात तुझ्या स्वतःच्या ट्रंकेपासून कर, मायच्या गाठोड्यांपासून नको. जे द्यायचं ते माणसाच्या हातात दे. आणि मायच्या वस्तूंना तू हात लावू नकोस, तिला नुसतं विचार, "हे कोणाच्या कामी येईल?" ती नाही म्हणाली तर गुपचूप होतं तिथे ठेव, तोंड वाकडं करू नकोस. बाकी काढलेली वस्तू काम झालं की त्याच पावली जागेवर जाऊ दे. निम्मा पसारा "ठेवू मग" म्हणण्याचा असतो, तो माझ्या घरात होता, तुझ्याही असेल.

गिरधरला सांग, चूल वेगळी करायला मुहूर्त लागत नाही, कधीही करता येते. एवढी घाई कशाला?

तुझी,
सुगंधाअक्का

———

धरणगाव,
ता. २५ मार्च १९१७

अक्कांना नमस्कार. खोक भरली. वण राहील, पण केसांखाली झाकेल.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. माझ्या ट्रंकेत माहेरच्या दोन चोळ्या होत्या, आता अंगाला होत नाहीत. शेजारच्या भिकनची बायको मंदाबाई नवीनच आलीय, ठिगळाची चोळी घालते. तिला बोलावून सासूबाईंच्या देखत दिल्या. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. एकदा बघितलं आणि पाखडत राहिल्या. मग रोज संध्याकाळी माझं एकेक काही निघालं. ट्रंक अर्धी झाली तेव्हा एक फाटकं सूप त्यांच्यापुढे धरून विचारलं, "हे कोणाच्या कामी येईल?" त्यांनी तोंड फिरवलं. ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी मी भलतंच काहीतरी विचारायला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सूप भागाबाईले दे."

उकिरड्याच्या दिवसानंतर माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. भागाबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला टोपल्या विणते ती. मी म्हटलं, तुम्हीच द्या. गेल्या. परत आल्या त्या घाईघाईने, आणि भागाबाईने सूप कसं उसवलं, चांगल्या काड्या कशा वेगळ्या केल्या, त्यांचं लहान सूप कसं बांधलं, सगळं हातवारे करून सांगितलं. अर्ध्यात त्यांना आठवलं असावं की आमचा अबोला आहे. गप्प झाल्या. मी तोंडावर पदर धरून चुलीकडे पळाले, हसू आवरेना.

पण अक्का, सगळे दिवस असे नाहीत. बाजारच्या दिवशी कोणाच्या तरी दारात टाकलेल्या दोन चिरलेल्या बरण्या घेऊन आल्या. गल्लीतले लोक म्हणतात, शेवंताबाईचा जीव वस्तूत अडकलाय. मलाही तसंच वाटायचं. त्या सगळ्यांच्या मागून जेवतात, उरलंसुरलं खातात, तेही मी चिक्कूपणातच धरलं होतं.

आणि काल भलतंच झालं. पोत्यांच्या मागे एक रांजण सापडला, तोंडाला फडकं बांधलेला. सोडून बघितलं तर आत आंब्याच्या कोयी. काळ्या पडलेल्या, किडलेल्या. मी हसत हसत विचारलं, "या हो कोणाच्या कामी येतील?" त्यांनी रांजण माझ्या हातातून ओढून घेतला. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. दिवेलागण झाली तरी रांजण जवळ घेऊन बसल्या होत्या. छबी जाऊन त्यांच्या मांडीवर बसली तेव्हा कुठे हलल्या.

कोयी कोणी साठवतं का, अक्का? तुम्हाला काय ठाऊक आहे ते आता मला सांगाच. नाहीतर माझ्या हातून आणखी काहीतरी होईल.

कुंदा

———

धुळे,
ता. २ एप्रिल १९१७

कुंदा,

कोयींचं वाचलं आणि मी चूल तशीच सोडून बाहेर येऊन बसले. तो रांजण अजून घरात आहे हे मला माहीत नव्हतं.

तू म्हणतेस तशी माय नव्हती. मी लहान असताना गल्लीतल्या बाया आमचं घर बघायला यायच्या. आरशासारखं सारवलेलं, एक काडी इकडची तिकडे नाही. संवत छप्पनच्या दुष्काळाआधीच्या दिवाळीला तिने घर असंच धुऊन काढलं. आजीने कोयी साठवल्या होत्या, किडकी ज्वारी होती, भुसकट होतं. आजी म्हणाली राहू दे. माय म्हणाली, किडे होतात, आणि सगळं उकिरड्यावर गेलं.

पुढच्या साली पाऊस आला नाही. उन्हाळ्यापर्यंत लोक कोयी दळून, भिजवून, त्यांचं पीठ भाकरीत घालू लागले. आमच्याकडे कोयी नव्हत्या. माय उकिरड्यावर गेली आणि हातांनी उकरत बसली. टोपली घेऊन तिच्याजवळ मी उभी होते. मिळालं काही नाही. गिरधर तेव्हा नुकता चालायला लागलेला, मी जाणती, आणि मध्ये रुपचंद. पाच वर्षांचा होता. पाऊस पडायच्या आधी तो गेला.

लोक वाईट नव्हते गं. प्रत्येकाचं दार बंद होतं, कारण आत आमच्यासारखंच होतं. रुपचंदला हगवण लागली होती, मूठभर कोयींनी तो राहिला नसता. पण आईला हे कोण सांगणार? माझ्याजवळ ती एकदाच बोलली, "मी फेकलं म्हणून गेला." त्यानंतर आजवर तिने काहीही फेकलेलं नाही. गिरधरला एवढंच ठाऊक आहे की मधला एक भाऊ होता.

मागून जेवते म्हणतेस, ती सवय तेव्हाची. तिच्या वाट्याची भाकरी मी खाल्लीय, गिरधरने खाल्लीय. मी आज धुळ्यात बसून तुला शहाणपण लिहिते ते त्या भाकरीवर.

रांजण राहू दे. तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. आणि तू रडत बसू नकोस. तुला माहीत नव्हतं, आणि आधी सांगायला हवं होतं ते मी. पण मलाही ते कधी कोणाला सांगता आलं नव्हतं.

अक्का

———

धरणगाव,
ता. १९ ऑगस्ट १९१७

अक्कांना नमस्कार.

इतके महिने पत्र नाही, त्याचं कारण आधी पेरणी, मग निंदणी. पण दुसरंही होतं. तुमच्या त्या पत्रावर काय लिहावं ते मला सुचत नव्हतं.

मायला मी काही बोलले नाही. तुमच्या भावांना मात्र सांगितलं, रागावू नका. त्यांनी ऐकून घेतलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते माजघरात मायच्या शेजारी बसले आणि एका गाठोड्याची गाठ सोडत, आज द्यायचं कोणाला, असं विचारू लागले, "माय, आज कोनले काय देवानं?" शेतातल्या छपराचं नाव त्यानंतर निघालेलं नाही. आता रोज शेतातून आल्यावर हातपाय धुतले की तेही आमच्यात येऊन बसतात.

दोर गेले गाडीवाल्यांकडे. करवंट्या गेल्या देवळापाशी मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांकडे, पोरं त्यांत शाई कालवतात. फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या मंदाबाईच्या परसात, तिने त्यांत झेंडू लावलाय. चिंध्यांचं काय करायचं यावर मायचं आणि माझं दोन दिवस वाजलं, शेवटी तिचंच खरं ठरलं, ते तुम्हाला दिवाळीला कळेल. मायने आता आपलीच रीत काढलीय. वस्तू उंबऱ्यावर आणून ठेवते आणि जाणाऱ्याला हाक मारते. नको म्हणणाऱ्याला बळंच देत नाही, पण त्याच्या घरचं सगळं विचारून घेते. कोणाची सून बाळंत झाली, कोणाची म्हैस आटली, आधी आम्हाला यातलं काही कळत नव्हतं. आमच्या दाराशी कोणी थांबत नव्हतंच.

परवा मात्र माझी चांगली पितळी पळी कोणालातरी देऊन मोकळी झाली. विचारलं तर म्हणते, "त्यांन्याकडे नव्हती, आपल्याकडे दोन पळ्या शेत." मी बोलणार होते. मग मनात आलं, कुंदा, हिने दिलं! आणि गप्प बसले. आता वरण लाकडी डावाने वाढतेय.

खिडकी सापडली, अक्का. मागच्या गुरुवारी. कडी गंजून धरली होती, तुमच्या भावांनी तेल घालून ठोकून उघडली. उजेड आत आला तेव्हा माय म्हणाली, "हाई जमीन सारवा." मी शेण कालवलं. तिने मला बाजूला केलं आणि स्वतः सारवलं. काय हात फिरतो तिचा! तुम्ही लिहिलं होतं ते डोळ्यांनी पाहिलं.

रांजण आहे तिथेच आहे. मी त्याच्या भोवतीने सारवते.

तुमची,
कुंदा

———

धुळे,
ता. २० नोव्हेंबर १९१७

चि. कुंदाला आशीर्वाद.

कापसाच्या दलालाबरोबर धाडलेली गोधडी पोचली. म्हणजे चिंध्यांचं हे झालं तर! उलगडली आणि बघत बसले. मधोमध जो हिरवा चौकोन आहे तो माझ्या परकराचा. मी त्यावर ताक सांडलं म्हणून मायने मला मारलं होतं. कडेचा निळा आमच्या वडिलांच्या, आबांच्या मुंडाशाचा. एका बाजूचे टाके बारीक, सरळ, ते मायचे. दुसऱ्या बाजूचे इकडेतिकडे पळतात ते तुझे, ओळखू आले.

यांनी विचारलं, रडतेस कशाला? मी म्हटलं, थंडी वाजत नाहीये म्हणून.

माझं माहेर तू मला परत केलंस. आणखी काय लिहू?

अक्का

———

धुळे,
ता. १६ ऑक्टोबर १९१८

कुंदा, गिरधर, जो कोणी हे पत्र उघडेल त्याने एक ओळ तरी लिहावी.

मानमोडीचा ताप धुळ्यात घरोघर आहे. कचेरी अर्धी रिकामी. यांना येऊन गेला, आता उठून बसतात. मी बरी आहे, थोडा खोकला आहे इतकंच. धरणगावाहून आलेला एक जण म्हणाला, तुमच्या गल्लीत दारं बंद आहेत. बंद म्हणजे काय, हे त्याला विचारायचं मला धाडस झालं नाही.

पाऊसही यंदा असा, दडी मारलेला. मायच्या मनात काय येत असेल ते मला इथे बसून कळतंय. तिच्याजवळ कोणीतरी बसा. तिने स्वतःची भाकरी कोणाला दिली तर घेऊ नका.

मला निघायचं आहे, पण हे निघू देत नाहीत. एक ओळ लिहा.

सुगंधा

———

धरणगाव,
ता. १० नोव्हेंबर १९१८

अक्का, आम्ही चौघंही आहोत. हे आधी वाचा आणि मग पाणी पिऊन पुढचं वाचा.

पहिल्यांदा तुमचे भाऊ पडले. मग छबी. तिसऱ्या दिवशी मी उभ्याची खाली बसले ती मला पुढचं नीट आठवत नाही. माय तिघांची करत होती. मग एका सकाळी तिनेही अंथरूण धरलं. माजघरात आम्ही चौघं चार भिंतींना होतो, मध्ये मोकळी जमीन आणि उघडी खिडकी. दीड वर्षापूर्वी हा ताप आला असता तर आम्ही एकमेकांच्या तोंडावर खोकत त्या ढिगाऱ्यात पडलो असतो. मी त्या वाऱ्यावर जगले असं मला वाटतं.

चूल थंड होती. घागरीत पाणी नव्हतं. मला वाटलं, संपलं. कोण येणार? ज्याच्या त्याच्या घरी आजारी माणूस.

दुपारी दार वाजलं. भागाबाई! उंबऱ्यात उभी, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात गाडगं. म्हणाली, "तुमन्या सुपना दाणा शेत, त्यानी पेज शे. पी ल्या." तिच्या घरात त्या लहान सुपाने पाखडलेली ज्वारी होती, त्याची पेज करून आणली होती. चौघांना स्वतःच्या हाताने पाजली. संध्याकाळी गाडीवाल्यांचा एक जण पाण्याच्या घागरी ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः आले, काढा घेऊन, दारातूनच विचारपूस केली. ज्यांच्याकडे माझी पळी गेली त्या बाईंनी त्याच पळीने छबीच्या तोंडात पाणी घातलं. मी ती पळी ओळखली आणि पडल्या पडल्या हसले. रोज कोणी ना कोणी. ज्यांचं स्वतःचं माणूस गेलं होतं तेसुद्धा आले, अक्का. मला अजून कळत नाही, त्यांच्यात ते बळ कुठून आलं.

आता वाईट लिहिते. मंदाबाई गेली. माझ्या चोळ्या घातलेली ती पोर. तिची मुलगी अजून रांगतही नाही. भिकन तापातून उठला होता, पण भिंतीला टेकून नुसता बसून होता. पोर रडत होती, ती आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत होती.

माय उठली. तिला उभं राहता येत नव्हतं. मी म्हटलं, माय, पडाल. भिंत धरत गेली आणि पोरीला पोटाशी धरून आली. भिकन मागोमाग आला, दारात थांबला. म्हणाला, "शेवंतामाय, औंदा साल कसं शे ते तुले माहीत शे. एक तोंड वाढी. मी हिले साक्रीले बहीणकडे धाडस." मायने माजघराकडे हात केला आणि म्हणाली, "घरमा जागा शे." एवढंच. मग मला म्हणाली, शेळी कोणाकडे व्याली आहे ते मला माहीत आहे, जा आणि मनं नाव सांग.

शेळी दारात बांधलीय. पोर माझ्या शेजारी झोपलीय. तिचं नाव मंदाबाईने ठेवायचं राहिलं होतं, भिकन म्हणाला तुम्हीच ठेवा. माय म्हणाली भिकुबाई, मागून घेतलेली ती.

आता तुमच्याबद्दल. तुमचं अक्षर मला पाठ आहे. ते कधी खाली उतरत नाही. मागच्या पत्रातल्या ओळी सगळ्या उजवीकडे घसरल्यात. थोडा खोकला म्हणता, तो थोडा नव्हता. मायला वाचून दाखवलं तेव्हा तीही तेच म्हणाली, "पोरगी खोटं बोलस." बरं वाटलं की या. अमळनेरपर्यंत बैलगाडीने, पुढे आगगाडीने, तुमचे भाऊ अमळनेरला घ्यायला येतील. तुमचं अंथरूण खिडकीखाली घातलंय.

कुंदा

———

धुळे,
ता. २३ फेब्रुवारी १९१९

चि. कुंदाला अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. हे अमळनेरच्या स्टेशनावर घ्यायला आले होते, मला बघून म्हणाले, गेली होतीस ती काठी, परत आलीस ती माणूस. केस अजून येत नाहीत, पण जेवण पचतं. तू बरोबर ओळखलं होतंस, त्या वेळी मी पत्र लिहायला बसले ती भिंतीला पाठ लावून, आणि यांनी दऊत धरली होती. तुम्हाला आणखी एक घोर नको म्हणून लिहिलं नाही.

तुझ्याकडे होते तोवर आभार मानायला गेले की तू हातात काहीतरी काम द्यायचीस, म्हणून इथून लिहिते. मी लहानपणी जिथे झोपायचे तिथेच तू मला झोपवलंस. सकाळी ऊन पायांवर यायचं. तू कामं करताना मी बघत राहायचे. भांडं घासलं की पालथं जागेवर, केरसुणी जागेवर, आणि छबी दोघींची चिरगुटं घडी करायला धडपडणार, त्यात भिकुबाई ती तोंडात घालणार. तुझ्या घरात कोणी कोणाला ओरडत नाही गं. तुझं घर म्हटलं, मायला वाचून दाखवू नकोस. नाहीतर दाखव. तीच मला म्हणाली, "घर कुंदानं शे, मी ऱ्हास." घर तुझं, ती आपली त्यात राहते.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. निघायच्या आदल्या दिवशी तू शेतात गेली होतीस. माय आणि मी ओसरीवर होतो, पोर तिच्या मांडीवर, शेळीचं दूध पाजत होती. बाजारात ज्वारी कुठल्या भावाला गेलीय ते आदल्या संध्याकाळी गिरधर बोलला होता. माझ्या मनात होतं ते मी विचारलं. म्हटलं, माय, असलं साल, वरून हे परकं लेकरू. तुला भीती नाही वाटत?

तिने पोरीचं तोंड पुसलं. दुधाची वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली,

"वाटस ना. पण छप्पनमा मना दारमा कोनी उनं नही. औंदा बठ्ठा उनात." तेव्हा तिच्या दारात कोणी आलं नव्हतं, यंदा सगळे आले.

मग मला म्हणाली, तुझा भाऊ रुपचंद असता तर आता त्याचीही पोरं असती, नाही का? इतकी वर्षं ते नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. साधं बोलली, शेजारच्या गावी राहणाऱ्या लेकाबद्दल बोलावं तसं. मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी त्याच्याबद्दल बोलत बसलो. त्याला गूळ किती आवडायचा, तो बैलाला कसा घाबरायचा नाही. तू शेतातून आलीस तेव्हा आम्ही हसत होतो, आणि तू विचारलंस काय झालं, तर माय म्हणाली, काही नाही, जुन्या गोष्टी.

त्या या होत्या.

तुझी,
सुगंधाअक्का